हो, खेळत नाही

आमच्या घरी ‘हो’ या एका शब्दावरून पंचेचाळीस वर्षं भांडण चाललं आहे. मी विचारतो, “दूध संपलं नाही ना?” बायको म्हणते, “हो.” मी म्हणतो, “हो म्हणजे काय? संपलं की आहे?” ती म्हणते, “आहे म्हणूनच हो म्हटलं ना! तुम्हाला मराठी कळत नाही का?” यावर ‘हो’ म्हणावं तरी पंचाईत आणि ‘नाही’ म्हणावं तरी पंचाईत.

भांडण मीच सुरू केलं, आणि त्याच्यामागे एक जुनी लाज आहे. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवत होतो. तरुण होतो, परदेशी जाऊन पुढे शिकायचं होतं. त्यासाठीच्या मुलाखतीत एका साहेबांनी इंग्रजीत विचारलं, “तुम्ही याआधी देशाबाहेर गेलेला नाहीत का?” मी म्हणालो, “येस सर.” गेलेलो नाही, तुम्ही म्हणता ते बरोबर, एवढाच माझा अर्थ. त्यांनी विचारलं, कोणत्या देशात? मी म्हटलं, कुठेच नाही. समोरचे तिघंही हसले. एकजण म्हणाले, “अहो, तुमचं येस म्हणजे येस की नो?” त्या वेळी माझी निवड झाली नाही. ती त्या ‘येस’मुळेच झाली नाही असं आज मी म्हणणार नाही, पण तेव्हा मला तसंच वाटलं. त्या दिवसापासून मी स्वतःला शिस्त लावली. प्रश्नात ‘नाही’ आलं की थांबायचं, मनात तो सरळ करून घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचं. पुढे नेदरलँड्सला आलो, ग्रोनिंगनच्या विद्यापीठात आकडेमोडीच्या कामावर लागलो, पण ही शिस्त सुटली नाही. उलट ती मी दुसऱ्यांना लावू लागलो. बायकोला, मुलीला, आणि शेवटी अशा एका बाईंना, ज्यांना तिची काहीच गरज नव्हती.

त्या बाईंचं नाव माझ्यामुळे खराब झालं. मी दहा वर्षं गप्प बसलो. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, तेव्हा जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

काम असं होतं. मूल स्वमग्न असेल का, त्याला तज्ज्ञाकडे नेऊन नीट तपासावं का, हे ठरवायला आईबापांना काही प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांनी निदान होत नाही, फक्त पुढे बघायला हवं की नको एवढं कळतं. हे प्रश्न युरोपातल्या मुलांसाठी तयार झालेले. ते चिनी भाषेत नेले तर तितकेच उपयोगी पडतात का, हे आम्हाला बघायचं होतं. नेदरलँड्समध्ये चिनी घरं बरीच आहेत, आणि त्यांची मुलं तपासणीपर्यंत फार उशिरा पोचत. आमच्या प्राध्यापकांनी हे काम हाती घेतलं. उंच, मितभाषी माणूस, दुपारी ठरल्या वेळी डबा उघडून चीज लावलेला ब्रेड खाणारा. आकडे माझ्याकडे होते आणि भाषा बाईंकडे.

बाई चीनमध्ये प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. लग्न करून इकडे आल्या, शनिवारच्या चिनी शाळेत मुलांना लिहायला-वाचायला शिकवू लागल्या, आणि आठवड्याचे तीन दिवस आमच्याकडे येऊ लागल्या. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. आपण शाळेत शिक्षिकांना बाई म्हणायचो, तसं मी त्यांना मनात बाईच म्हणायचो. मी पुण्यात शिकवत होतो हे कळल्यावर त्या मला ‘लाओशी’ म्हणू लागल्या. म्हणजे गुरुजी. त्या इमारतीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारत. तिथे हा एकच आवाज असा होता, की तो ऐकला की मी खुर्चीत जरा सरळ बसायचो.

भाषांतराचं काम दिसतं त्याहून किचकट असतं. एकजण चिनीत नेतो, दुसरा कोणी मूळ प्रश्न न बघता ते परत डचमध्ये आणतो, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, वाटेत काय सांडलं. एक प्रश्न होता, मूल खोटा खोटा चहा करून बाहुलीला पाजतं का? बाई म्हणाल्या, “आमच्याकडे मुलं चहा पाजत नाहीत. भात करतात.” मी म्हटलं, “आमच्याकडेही भातच. त्याला भातुकली म्हणतात.” त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून घेतला आणि आपल्या वहीत चिनी अक्षरांत उतरवला. दुसरा प्रश्न होता, मोठ्यांशी बोलताना मूल डोळ्याला डोळा देतं का? बाई म्हणाल्या, “देत असेल तर आमच्याकडे त्याला उद्धट म्हणतात.” मी सांगितलं, माझे वडील म्हणायचे, वर बघून काय बोलतोस, आणि शाळेत मास्तर म्हणायचे, खाली बघून काय बोलतोस. “मग तुम्ही काय करायचात, लाओशी?” “शाळेत वर बघायचो, घरी खाली.” त्या इतक्या हसल्या, की पलीकडच्या खोलीतून प्राध्यापक बघायला आले. तो प्रश्न आम्ही दोघांनी मिळून तीन दिवस घासला. माझ्या नोकरीतले ते सगळ्यात चांगले तीन दिवस.

मग प्रश्न घरोघरी गेले. म्हणजे जायला हवे होते. पण बरेच आईबाप हॉटेलांत कामाला होते, कागद अर्धे कोरे परत येऊ लागले. तेव्हा बाई स्वतः निघाल्या. दुपारची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळची सुरू व्हायच्या आत, सायकलवर. आईबाप भाजी निवडत बसलेले असायचे, बाई त्यांच्याशेजारी बसून स्वतःही निवडू लागायच्या आणि तोंडानं प्रश्न विचारायच्या. कागदाला कधी सोया सॉसचा डाग असायचा, कधी पालेभाजीचं पान चिकटलेलं.

त्यातले चार प्रश्न कागदावर नकारी होते. इतर मुलांबरोबर खेळत नाही. नावानं हाक मारली तर वळून बघत नाही. आवडलेली वस्तू दाखवायला आणत नाही. दुसरं मूल रडलं तर त्याच्याजवळ जात नाही. प्रत्येकापुढे दोन चौकटी, हो आणि नाही. बाई विचारायच्या, “तो इतर मुलांबरोबर खेळत नाही का?” आई भाजी निवडता निवडता म्हणायची, “दुई.” चिनीत ‘दुई’ म्हणजे बरोबर. बरोबर, खेळत नाही. बाई ‘हो’च्या चौकटीत खूण करायच्या. त्यात कुठेही चूक नव्हती. माझ्या बायकोनंसुद्धा अशीच खूण केली असती.

सगळे कागद माझ्या टेबलावर आले तेव्हा गठ्ठ्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. बाईंच्या सुबक डच अक्षरात लिहिलं होतं: ‘लाओशी, या चार प्रश्नांत हो म्हणजे “हो, नाही”. कृपया आहे तसंच ठेवा.’

ती मी वाचली, आणि मला हसू आलं. मला वाटलं, ही तर माझीच जुनी चूक. माझ्या शिस्तीप्रमाणे आईबापांनी ‘हो’ म्हटलं, म्हणजे मूल खेळतं. बाईंनी भाबडेपणानं ‘हो’वर खूण केली, आणि कागदानं त्याचा अर्थ लावला, खेळत नाही. मुलाखतीत हसलेल्या त्या तिघांच्या रांगेत मी चौथा जाऊन बसलो. बाईंना फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. त्या दोन खोल्या पलीकडे बसायच्या, म्हणजे फोनचीही गरज नव्हती. मी संगणकात एक ओळ लिहिली. त्या ओळीनं चारही प्रश्नांतले सगळे ‘हो’ ‘नाही’ झाले आणि सगळे ‘नाही’ ‘हो’ झाले. बाईंची चूक परस्पर निस्तरली, त्यांना वाईट वाटू दिलं नाही, म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूशही होतो. चिठ्ठी फाइलच्या खिशात सरकवली आणि विसरलो.

दोन महिन्यांनी निकाल मांडला. बाकीचे प्रश्न छान जुळले होते. हे चारच उलटे धावत होते. तज्ज्ञांनी आधीच तपासून ज्या मुलांना स्वमग्न ठरवलं होतं, तीच मुलं या चार प्रश्नांत सगळ्यांत मिसळणारी दिसत होती. आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो. प्राध्यापक म्हणाले, “म्हणजे या चारांच्या भाषांतरात काहीतरी बिघडलंय.”

बाई म्हणाल्या, “भाषांतर बरोबर आहे. उत्तरं देण्याची पद्धत वेगळी आहे. मी तशी चिठ्ठी लावली होती.”

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. “चिठ्ठी आली होती?”

मी म्हणालो, “आठवत नाही.”

त्या क्षणी ते निम्मं खरं होतं. चिठ्ठी अंधूक आठवत होती, पण ती बाईंच्या चुकीची खूण म्हणून. सगळ्यांसमोर ती काढली तर त्यांचीच शोभा होईल, असं मी स्वतःला सांगितलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग वहीत खाली पाहिलं. ठरलं असं, की ते चार प्रश्न गाळायचे.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी घरी आलो. बायको गॅलरीत कपडे काढत होती. मी स्वयंपाकघरातून विचारलं, “सकाळची आमटी उरली नाही का गं?” ती म्हणाली, “हो.” मी झाकण काढलं. पातेलं घासून पालथं घातल्यासारखं स्वच्छ होतं. नेहमीचं भांडण तोंडाशी आलं, “हो म्हणजे काय,” आणि तिथेच थांबलं. हातात झाकण घेऊन मी उभा राहिलो. आमटी उरली नाही का? हो. मूल खेळत नाही का? दुई. जन्मल्यापासून कानावर पडत आलेली भाषा, आणि एका मुलाखतीच्या भीतीनं मी ती ऐकायचीच बंद केली होती. त्या विद्यापीठात बाईंचा ‘हो’ आपोआप कळायला हवा असा एकच माणूस होता, आणि त्यानंच तो उलटवला होता.

बायको आत आली. “असे काय बघताय? पिठलं करते.”

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ काढून निकाल पुन्हा मांडून पाहिला. चारही प्रश्न आपापल्या जागी नीट बसले. मी संगणक बंद केला.

का बोललो नाही, याची कारणं मी वर्षानुवर्षं फिरवून फिरवून पाहिली आहेत. खरं कारण एकच आहे आणि ते लहान आहे. निवृत्तीला पाच महिने उरले होते, आणि मी अचूक माणूस म्हणून ओळखला जात होतो. निरोपाच्या दिवशी प्राध्यापक भाषणात म्हणाले, याच्या आकड्यांवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभा होतो, आणि सगळ्यांना ती माझी नम्रता वाटली.

अहवालात छापून आलं, की सदोष भाषांतरामुळे चार प्रश्न वगळले. भाषांतर कोणाचं, हे त्याच पानावर होतं. बाईंना याच विषयात पुढे शिकायचं होतं, त्यासाठी प्राध्यापकांचं शिफारसपत्र हवं होतं. ते मिळालं नाही. आमच्याकडचं कामही पुढे चालू राहिलं नाही. आणि जे चार प्रश्न गेले, त्यांच्याबद्दल बाई एकदा म्हणाल्या होत्या, “लाओशी, गप्प बसणाऱ्या मुली इथेच सापडतात. त्या त्रास देत नाहीत, म्हणून एरवी कोणी बघत नाही.”

शेवटच्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. आमची मुलगी तेव्हा आल्मेरेला राहायची, तिला दिवस गेले होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कागदात गुंडाळलेले लहान मुलाचे कापडी बूट टेबलावर ठेवले. लाल, आणि प्रत्येकाच्या चवड्यावर वाघाचं तोंड, मोठाले गोल डोळे, मिश्या. “आमच्याकडे बाळाला घालतात. वाघ वाटेवर लक्ष ठेवतो,” त्या म्हणाल्या. मी आभार मानले. एवढंच बोललो. वेळ होता, दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि तरी एवढंच.

निवृत्त होऊन आम्ही मुलीजवळ आल्मेरेला आलो. नात झाली. बूट तिनं पायात कधीच घातले नाहीत. पण चालायला लागल्यापासून ते तिचेच. खिडकीच्या कट्ट्यावर, नाकं काचेला टेकवून, दोघांत बरोबर एका बोटाचं अंतर. कोणी हलवले की तिला कळायचंच. ती रडायची नाही, उठून पुन्हा लावायची. शाळेतही तशीच, गुणी, शांत. शिक्षिका खूश. ती आठ वर्षांची झाल्यावर एका नव्या शिक्षिकेच्या लक्षात आलं, की ही दिवसभरात कोणाशीच बोलत नाही. आमच्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरनं, चिठ्ठी दिली, आणि आम्ही एका मानसशास्त्रज्ञ मुलीकडे गेलो. शाळेतून नातीला मीच आणतो, म्हणून मलाही बोलावलं होतं.

टेबलावरचे कागद मी लांबूनच ओळखले. नात कोपऱ्यात चटईवर बसून रंगीत खडू लांबीप्रमाणे लावत होती. त्या मुलीनं मला डचमध्ये विचारलं, “ती इतर मुलांबरोबर खेळत नाही का?”

माझी एवढ्या वर्षांची शिस्त त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. आजोबा म्हणून बसलो होतो. मी म्हणालो, “हो.”

माझी मुलगी ताडकन म्हणाली, “बाबा! हो काय? खेळते की नाही? आणि आम्हाला जन्मभर शिकवलंत!”

मानसशास्त्रज्ञ मुलीनं पेन खाली ठेवलं. “असू दे,” ती म्हणाली. “मी ‘हो’वर कधीच खूण करत नाही. काल दुपारी तिनं मैदानात काय केलं, तेवढं सांगा.”

मी सांगितलं. ती चेस्टनटची फळं ओळीनं लावत होती. वर्गातली एक मुलगी येऊन एकेक फळ तिच्या हाताशी ठेवत होती. आमची तिच्याकडे बघत नव्हती, पण प्रत्येक फळ घेत होती. ती मुलगी निघून गेल्यावर आमची थांबली, आणि राहिलेली ओळ तशीच सोडून माझ्याकडे आली.

“म्हणजे इतर मुलांबरोबर खेळत नाही, असं म्हणता येईल?” मानसशास्त्रज्ञ मुलीनं विचारलं.

कोपऱ्यातून, खडूंवरून नजर न काढता, आमची नात म्हणाली, “यावेल.”

डच भाषेत हा एक फार शहाणा शब्द आहे. कोणी ‘नाही ना?’ म्हटलं, आणि तुमचं म्हणणं ‘आहे की!’ असं असलं, तर ‘यावेल’ म्हणायचं. ना हो, ना नाही, घोटाळ्याला जागाच नाही. तीस वर्षं या देशात राहून त्या शब्दाची किंमत मला माझ्या नातीनं त्या दिवशी दाखवली. आम्ही तिघंही हसलो, आणि त्या मुलीनं तो शब्द जसाच्या तसा कागदावर लिहून घेतला.

उठताना मी विचारलं, “ही ‘हो’वर खूण न करण्याची पद्धत कुठे शिकलात?”

“आर्नहेमला. तिथल्या चिनी शाळेतल्या एक बाई आम्हा तपासणाऱ्यांना शिकवायला येतात, पूर्वी ग्रोनिंगनला होत्या. त्या म्हणतात, हो लिहू नका, होच्या पुढचं वाक्य लिहा.”

कोण बाई, हे मला विचारावं लागलं नाही.

नातीचं निदान झालं. आता शाळेत तिच्यासाठी एक शांत कोपरा आहे, आणि चेस्टनटवाल्या मुलीला त्या कोपऱ्यात यायची मुभा आहे. उशीर झाला, पण फार नाही. मी ज्यांच्या हातून काम काढून घेतलं, त्यांचंच शिकवणं फिरून माझ्या घरी आलं होतं.

मानसशास्त्रज्ञ मुलीकडून परत आलो त्याच संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आणि मी एवढी वर्षं समजत होते, भांडण दुधाचं आहे.” लगेच पुढे म्हणाली, “ते बूट कोणी दिले म्हणून मी किती वेळा विचारलं. तुम्ही म्हणायचात, ऑफिसातल्या कोणीतरी. कोणीतरी! उठा, पत्र लिहा.”

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. निवृत्त होताना घरी आणलेल्या त्या फाइलच्या खिशातून पिवळी चिठ्ठी काढली. गोंद वाळला होता, अक्षरं तशीच होती. पण पाठवण्याआधी ते पत्र बाईंनी वाचायला हवं होतं. मानसशास्त्रज्ञ मुलीनं बाईंना विचारून आमची गाठ घालून दिली. उट्रेख्टला गाडी बदलून मी एका शनिवारी आर्नहेमला गेलो. शाळा नुकतीच सुटली होती. बाई फळा पुसत होत्या. केस पांढरे व्हायला लागले होते.

“लाओशी,” त्या म्हणाल्या. आश्चर्य नाही, राग नाही. मुलांच्या ठेंगण्या खुर्चीवर मला बसवलं आणि गरम पाणी आणून दिलं.

मी उभ्यानं म्हणायचं ठरवलेलं सगळं बसून म्हणालो. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“संगणकात ओळी लिहिणारे तुम्ही एकटेच होतात. दुसरं कोण असणार?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. “मी बोलले होते. आधी लिहूनही दिलं होतं. किती वेळा बोलायचं असतं?” मग जरा हसल्या. “तुम्ही म्हणालात, आठवत नाही. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, लाओशी म्हातारे झाले.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफीचं नंतर बघू. आधी हे पत्र बघू.” लाल पेन घेऊन त्या माझं पत्र तपासू लागल्या. मी लिहिलं होतं, की माझ्या एका गैरसमजामुळे हे घडलं. त्यांनी ‘गैरसमज’ खोडला आणि वर लिहिलं, ‘चूक’. पुढच्या ओळीत, ‘नंतर हे माझ्या लक्षात आलं’ असं होतं. तिथे त्यांनी विचारलं, “नंतर म्हणजे कधी?” मी म्हटलं, दोन दिवसांनी. “मग तसं लिहा.” मी लिहिलं. माझं वय शहात्तर, समोर गुरुजींसारख्या बसलेल्या त्या. इतकं हलकं मला निरोपाच्या टाळ्यांतही वाटलं नव्हतं.

दारापर्यंत येऊन त्यांनी विचारलं, “बूट झाले का बाळाला?”

“घातलेच नाहीत. खिडकीत लावून ठेवलेत. नाकं काचेकडे.”

“काचेकडे? बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “वाट तिकडेच आहे.”

चिठ्ठी आणि पत्र मी स्टेशनासमोरच्या नारिंगी टपालपेटीत टाकलं. चिठ्ठीची एक प्रत माझ्याकडे ठेवली. विद्यापीठाचं उत्तर यायला बरेच आठवडे लागले. जुने कागद त्यांच्या साठ्यात जपलेले होते, सोया सॉसच्या डागांसकट. प्राध्यापकही आता निवृत्त आहेत. त्यांनी दोन ओळींचं वेगळं पत्र पाठवलं. त्यातली एक ओळ मला कडक होती, दुसरी बाईंची क्षमा मागणारी. दोन्ही योग्य होत्या. मग दुरुस्ती प्रसिद्ध झाली. चारही प्रश्न पुन्हा घेतले आहेत. भाषांतर निर्दोष होतं, अनुवादकांनी वेळीच लेखी इशारा दिला होता, आणि चूक आकडेमोड करणाऱ्याची होती, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. खाली बाईंचं पूर्ण नाव आहे.

ज्या शिफारसपत्राची तेव्हा गरज होती ते आता कोणाच्या कामाचं नाही, हे मला कळतं. ती वर्षं गेली ती गेलीच. पण बाईंनी त्या वर्षांतही शिकवणं सोडलं नाही, आणि त्यांच्या शिकवण्यातून माझ्या नातीचा ‘यावेल’ कोणाच्या तरी कानावर पडला. याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत.

दुरुस्तीची प्रत मी बाईंना पाठवली. सोबत फोनवर संदेश पाठवून विचारलं, ‘आता यात काही चुकीचं राहिलं नाही ना?’

उत्तर आलं तेव्हा बायको शेजारी मटार सोलत बसली होती. एकच चिनी अक्षर होतं. मी ते ओळखलं, पण तरी तिला दाखवलं.

“काय म्हणतात?” तिनं विचारलं.

“दुई. म्हणजे हो.”

ती माझ्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. मी तिच्यासमोरचे मटार ओढून घेतले आणि सोलायला लागलो.